समुद्रकाठचा झिरा

ती गेल्यानंतर भेटायला येणाऱ्या बायका बाहेरच्या खोलीत सतरंजीवर बसत. कोपऱ्यात तिची खुर्ची होती. प्लॅस्टिकची, निळी, बिनहातांची. कितीही दाटी झाली तरी त्या खुर्चीवर कुणी बसले नाही. एक बाई बराच वेळ दाराशी अवघडून उभी राहिली, पण खुर्चीकडे वळली नाही. मी आतल्या खोलीतून पाहत होतो. मनात येत होते, बसा की कुणीतरी. त्या खुर्चीचा तिला किती राग होता हे तुम्हाला ठाऊक नाही.

शेवटची काही वर्षे माझ्या बायकोला जमिनीवर बसता येत नव्हते. दोन्ही गुडघे गेले होते, डावा जास्त. लातूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवले, पण साखर आटोक्यात येईना आणि तिलाही कापाकापी नको होती. घरात त्यावाचून फारसे अडत नव्हते. अडायचे ते बाहेर. कळंबसारख्या गावात बायकांचे निम्मे आयुष्य सतरंजीवर जाते. हळदीकुंकू, डोहाळजेवण, भजन, कुणाच्या पापडांना हात लावायला जाणे, सगळे खाली बसून. ती आली की त्या घरातली सून धावत जाऊन खुर्ची आणी आणि सगळ्यांच्या मधोमध मांडी. ही वर, बाकीच्या खाली.

"मी काय तहसीलदार हाय का गं, वर बसून अर्ज घ्यायला?" ती म्हणे. बायका हसत, तीही हसे. घरी येताना मात्र चिडलेली असे.

एकदा मी विचारले, "खुर्चीत वाईट काय आहे? उलट मान देतात."

"तुम्हाला न्हाय कळायचं," ती म्हणाली. "बाया खाली तोंड करून बोलत्यात. खरं काय ते तिथंच बोलत्यात. वर ऐकू येत न्हाय."

आणि मग थोड्या वेळाने, "एकदा मांडी घालून बसायचंय मला. चौघींत. एकदाच. मग ह्या गुडघ्यांचं काय व्हायचं ते होऊ द्या."

हे बोलणे तिने नंतर अनेकदा केले. आमची एकुलती मुलगी न्यूझीलंडला असते, तिच्याशी फोनवरही. शेजारणीने सांगितले होते की कोकणात गरम पाण्याचे झरे आहेत आणि त्या पाण्यात बसले की आखडलेले सांधे सुटतात. त्यावर मुलगी म्हणाली, "आई, आमच्याकडे तर समुद्रावरच आहे. वाळू उकरली की खालून कढत पाणी लागतं. लोक खड्डा करून त्यात बसतात. तुम्ही दोघं या तर खरं."

फोन ठेवल्यावर तिने मला विचारले, "समुद्राकाठी पाणी तापवतंय कोण?"

मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. गरम पाण्याचे झरे हा पुस्तकातला एक छोटा परिच्छेद होता. दरवर्षी मी तो शिकवी आणि दरवर्षी पुढच्या धड्याकडे जाई. आता मी नीट बसून पृथ्वीच्या पोटातला तप्त खडक, भेगा, खाली मुरणारे आणि तापून वर येणारे पाणी असे सगळे सांगायला लागलो. तिने अर्ध्यातच थांबवले.

"तुमचं पुस्तक ठेवा बाजूला. गुडघ्याला चालतंय का तेवढं सांगा."

ते पुस्तकात नव्हते.

आम्ही गेलो तेव्हा इथे थंडी होती आणि तिथे उन्हाळा. मुलीने आमच्यासाठी पुष्कळ बेत आखले होते, पण हिचे लक्ष एकाच गोष्टीवर. तो किनारा मुलीच्या गावापासून काही तासांच्या रस्त्यावर होता. मुलीला सुटी मिळेना, मिळाली तर ओहोटीची वेळ जुळेना, एकदा वेळ जुळली तर पाऊस. असे करता करता आमच्या परतीचा आठवडा आला. त्या आठवड्यात एकच दिवस सगळे जमत होते.

पहाटे उठून हिने धपाटे केले. शेंगांची चटणी आम्ही इथूनच नेली होती. शिवाय तिचा स्टीलचा तांब्या. तो प्रवासात नेहमी तिच्या पिशवीत असे, विमानातही होता.

गाडीत मुलगी पुन्हा पुन्हा सांगत होती, "आई, वेळ थोडा असतो हं. ओहोटीच्या आगेमागेच ती जागा उघडी पडते. भरती आली की सगळं समुद्राच्या पोटात. गेल्या गेल्या खणायचं आणि बसायचं. परत यायला जमणार नाही."

"बसते गं बाई. बसायलाच चाललेय न्हवं?"

गाडी उभी करायच्या जागेजवळच्या दुकानात फावडी भाड्याने मिळत होती. समुद्र बघायला जायचे आणि फावडे घेऊन जायचे, याची मला गंमत वाटली. एक मी घेतले. मुलीने हातात घडीची खुर्ची घेतली होती. हिने ती पाहिली आणि म्हणाली, "इथंबी खुर्ची! सोडू नका तुम्ही माझी पाठ."

टेकाडाला वळसा घालून आम्ही वाळूवर उतरलो आणि ती एकदम थांबली. समोर पुष्कळ माणसे वाकून वाळू उकरत होती. म्हातारे, तरुण, लेकुरवाळ्या बाया. कुणी फावड्याने, कुणी हाताने. काही खड्डे भरले होते, त्यांत माणसे पाय पसरून बसली होती. वाळूतून वाफ निघत होती.

"अगं बया," ती म्हणाली, "हे तर सगळे झिरे काढायलेत की!"

तिचे माहेर मांजरा नदीच्या काठचे. तिच्या लहानपणी उन्हाळ्यात नदी आटली की गावच्या बाया पात्रात जात आणि कोरड्या वाळूत हात-दीड हात उकरत. मग तळाशी हळूहळू पाणी जमे. त्याला झिरा म्हणत. पहिले गढूळ पाणी वाटीने उपसून फेकायचे, मग बसून राहायचे. निवळ पाणी आले की वाटीवाटीने हंडा भरायचा. एक हंडा भरेपर्यंत पुष्कळ वेळ जाई आणि तेवढ्या वेळात शेजारच्या झिऱ्यावरच्या बाईशी बोलणे होई. आईबरोबरच्या तिच्या बहुतेक आठवणी नदीच्या वाळूत बसलेल्या होत्या. मी ऐकून होतो. लग्नानंतर ती कळंबला आली तेव्हा आमच्याकडे नळ होता, आणि नळाला पाणी यायचे नाही तेव्हा टँकर. टँकरपुढे सगळ्या उभ्या असतात, बोलणे होत नाही, भांडण होते, असे ती म्हणायची.

आता त्या परक्या किनाऱ्यावर तिचा चेहरा एखाद्या जाणत्या माणसासारखा झाला. हात कपाळावर आडवा धरून तिने सगळीकडे पाहिले. लोक एका छोट्या पट्ट्यात दाटीवाटीने खणत होते, खड्ड्याला खड्डा लागून.

"रीतभात हाय का न्हाय ह्यांना?" ती हळूच म्हणाली.

तिच्या गावात झिऱ्याचा एक नियम होता आणि तो मोडला तर बोलणे बंद होई. दुसऱ्याच्या झिऱ्याच्या वरच्या अंगाला आपला झिरा काढायचा नाही. वरचा झिरा खालच्याचे पाणी ओढतो. नव्या सुनेला चुलीच्या आधी हे सांगत. वर काढायचाच झाला तर खालच्या बाईला विचारायचे, आणि ती नाही म्हणाली तर मुकाट्याने खाली जायचे.

इथे पाणी टेकाडाकडून येत असणार, हे तिने पाहता क्षणी ठरवले. म्हणजे टेकाडाकडची बाजू वरची. त्या बाजूला, एका म्हाताऱ्या जोडप्याच्या खड्ड्याच्या वरच्या अंगाला, चांगली मोकळी जागा होती. मुलगी तिकडेच निघाली. हिने तिला दंडाला धरून थांबवले.

"तिथं न्हाय. त्यांचं पाणी तुटंल."

"आई, इथं कुणाचं पाणी तुटत नाही."

"तुला काय माहीत? चला तिकडं."

आणि ती काठी टेकत सगळ्यांपासून लांब, एका बाजूला चालू लागली. तिथे कुणीच नव्हते. का नव्हते, हे आम्हाला लवकरच कळले. ती खुर्चीवर बसली, मी खणायला लागलो. निवृत्त मास्तराला वाळू दिसते तेवढी मऊ नसते. थोडे खणायचे, थोडे दम खायचे. मुलगी हाताने कडा सावरत होती. ढोपराएवढा खड्डा झाला आणि तळाशी पाणी आले.

"कसं हाय?"

मी हात घातला. "गार."

"पहिलं असंच असतंय. उपसा."

तिने तांब्या दिला. मी उपसले. पाणी पुन्हा भरले. पुन्हा गार.

"अजून उपसा. निवळ यायला टाइम लागतोय."

"आई," मुलगी म्हणाली, "हे समुद्राचं पाणी आहे. सगळा समुद्र उपसणार आहेस का अण्णांकडून?" मुलगी मला अण्णा म्हणते.

तिने लाटांकडे पाहिले. त्या मघापेक्षा जवळ आल्या होत्या. मुलीनेही पाहिले आणि तिचा आवाज बदलला. "ऐक ना. कढत पाण्याची शीर तेवढ्या पट्ट्यातच आहे. म्हणून तिथं गर्दी आहे. वेळ चाललाय आई. एवढ्या लांबून आलो ते गार पाण्यात बसायला का? त्या आजी-आजोबांच्या वर जागा आहे, चल."

ती उठेना. मला तिचा हट्ट ठाऊक होता, आणि इच्छाही. दोन्ही एकाच वेळी तिच्या तोंडावर दिसत होते. शेवटी ती म्हणाली, "मग त्यांना विचार आधी."

"काय विचारू?"

"विचार, आम्ही वरच्या अंगाला झिरा काढला तर तुमचं पाणी तुटंल, चालंल का?"

मुलगी लाजेने लाल झाली. "आई, असं कुणी विचारतं का इथं?"

"न्हाय विचारायचं तर चला घरी."

आम्ही त्या जोडप्याच्या खड्ड्यापाशी गेलो. त्यातली म्हातारी गोरी, अंगाने भरलेली, डोक्यावर मोठी कापडी टोपी. म्हातारा बारीक. मुलीने अडखळत विचारले. माझे इंग्रजी वाचण्यापुरते, तरी मला कळत होते की तिने काही गाळले नाही. नदी, उन्हाळा, वरची बाजू, सगळे सांगितले. म्हातारी हसली नाही. ती ऐकत राहिली, मग काही बोलली आणि सरकून बसली.

"त्या म्हणतात," मुलगी म्हणाली, "इथं येऊन इतकी वर्षं झाली, असं कुणी विचारलं नव्हतं. त्या म्हणतात, नवीन कशाला खणता, आमच्यातच या."

"दुसऱ्याच्या झिऱ्यात?" ही कुजबुजली. चारचौघींत बोलणारी ही बाई, पण आता नव्या नवरीसारखी संकोचली.

तेवढ्यात म्हातारीने पाय वर घेतले आणि तिचे गुडघे पाण्याबाहेर आले. दोन्ही गुडघ्यांवर उभ्या, लांब, फिकट खुणा. हिने पाहिले. स्वतःच्या गुडघ्याला बोट लावले. म्हातारीने मान डोलावली आणि तळहात करवतीसारखा गुडघ्यावर चालवून दाखवला. एकदा इकडे, एकदा तिकडे.

"अगं आई गं! ह्या बाईनं दोन्ही कापून घेतले!" ही म्हणाली, आणि तिने तोंडावर पदर घेतला. म्हातारी हसायला लागली. मग ही पण. त्या हसण्यातच तिने काठी माझ्याकडे दिली.

तिला उतरवणे सोपे नव्हते. एका बाजूने मुलगी, एका बाजूने मी. म्हातारा फावडे धरून मागे उभा राहिला, कुठे पाहावे ते त्याला समजेना. पाऊल पाण्यात टेकताच ती ओरडली, "भाजलं!" म्हाताऱ्याला आता काम मिळाले. त्याने समुद्राच्या बाजूची कड थोडी फोडली, गार पाणी आत आले, पुन्हा बुजवली. आपल्याकडे आंघोळीच्या पाण्यात विसण घालतात तसे. मग ती साडीसकट हळूहळू खाली गेली आणि बुड टेकले. पाणी कमरेच्या वर आले. पाय सरळ पसरलेले.

थोडा वेळ ती तशीच बसली. मग उजवा पाय दुमडायला लागली. तो दुमडला. डावा मात्र अडला. मी त्या पायाकडेच पाहत होतो, कारण रात्री त्याच पायाला मी तेल लावायचो. तिने पुन्हा सरळ केला. खालची वाळू हाताने सारखी केली. पाण्याने पाय हलका झाला असावा, ती तो उचलून तरंगत ठेवी आणि मग थोडा आत घेई. शेवटी तिने दोन्ही हातांनी घोटा धरला आणि पाय आत ओढून घेतला.

ती मांडी घालून बसली होती.

पाण्यावर तिचा पदर फुगून तरंगत होता. मग तिने मान वळवली.

"अवो. बगा."

"बघतोय."

"लांबून काय बगता? तहसीलदारासारखे खुर्चीवर बसलात. खाली या."

खरोखरच, पिशवी आणि सगळ्यांच्या चपला सांभाळत मी तिच्या खुर्चीवर बसलो होतो. मी पँट वर दुमडून उतरलो. त्या पाण्याची ऊब अजून आठवते. ती तळातून यायची, वाळूच्या कणाकणातून, आणि पायाची जागा बदलली की नवी लागायची. मी तो परिच्छेद इतकी वर्षे शिकवला होता.

"पिशवी द्या इकडं," ती म्हणाली. "बसलोयच तर पंगत होऊ द्या."

तिने धपाटे काढले, प्रत्येकावर चिमूट चटणी ठेवली आणि आधी म्हातारीच्या हातात दिला, मग म्हाताऱ्याच्या, मग आमच्या. स्वतः शेवटी घेतला. म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी आले तरी तिने संपवला. म्हाताऱ्याने दुसरा मागितला. मग त्या दोघी बोलायला लागल्या. ही मराठीत, ती इंग्रजीत. दोघींची तोंडे खाली, पाण्याकडे, आवाज हळू. मध्येच ही "व्हय?" म्हणायची आणि ती मान हलवायची. मुलगी भाषांतर करायला पुढे सरकली तेव्हा मी तिला हातानेच थांबवले.

पहिली लाट आली ती समुद्राकडची कड घेऊनच. बर्फासारखे पाणी आत शिरले. सगळ्या पट्ट्यात आरडाओरडा झाला, लोक हसत उठायला लागले. म्हातारी आपल्या नव्या गुडघ्यांवर उठली. ही मात्र उठेना.

"आई, ऊठ."

"थांब गं. आत्ता कुठं बसलेय."

दुसरी लाट तिच्या छातीला लागली. मग तिने पाय सोडवायला पाहिले आणि ते सुटेनात. गार पाण्याने गुडघे जागीच धरले होते. मुलगी घाबरली, तिने एका काखेत हात घातला, मी दुसऱ्या. वाळू पायाखालून सरकत होती, जोर लागेना. तेव्हा म्हातारी पुन्हा खाली उतरली, हिच्यासमोर उभी राहून तिने दोन्ही हात पुढे केले. हिने ते धरले. आम्ही सगळ्यांनी मिळून ओढले. "आई गं, आई गं," म्हणत ती वर आली आणि उभी राहिल्यावर हसायला लागली. साडीतून वाळू गळत होती.

वळून पाहिले तर झिरा नव्हता. लाट परत गेली तेव्हा तिथे नुसती सारखी, ओली वाळू.

"बुजला," मुलगी म्हणाली.

"बुजायचाच. आपला पण पूर आला की बुजायचा," ती म्हणाली. मग तिने म्हातारीचा हात पुन्हा हातात घेतला आणि आपल्या कपाळाला लावला.

कळंबला आल्यावर शेजारणीने विचारले, "गुण आला का?" "आला की," ती म्हणाली, "तिथल्या तिथं." कोरड्या जमिनीवर गुडघे पहिल्यासारखेच होते. पुढच्या हळदीकुंकवाला सुनेने पुन्हा खुर्ची मांडली आणि ही बसली. पण आता तिच्याजवळ सांगायला गोष्ट होती. दोन्ही गुडघे कापलेल्या गोऱ्या बाईची, ही करवतीसारखा हात चालवून सांगे. बायका खालून वर तोंड करून ऐकत. तहसीलदार शब्द त्यानंतर तिच्या तोंडून मी ऐकला नाही.

यंदाच्या थंडीत ती गेली. आजार थोड्या दिवसांचा होता. मुलगी आली.

दहाव्याचे विधी मांजरेच्या काठी झाले. आटोपल्यावर माणसे गाड्यांकडे गेली. मी आणि मुलगी मागे राहिलो. पात्रात वाळू आता फारशी उरलेली नाही, पुष्कळशी लोकांनी उचलून नेली. एका वळणाशी थोडी होती. मुलीच्या हातात आईचा तांब्या होता. ती वाळूत बसली, हाताने जागा सारखी केली. खणायला हात घातला आणि थांबली.

"अण्णा, वरच्या अंगाला आहोत का आपण कुणाच्या?"

नदीत आता कुणी झिरे काढत नाही. घरोघर नळ आहेत, बोअर आहेत, जारचे पाणी दारात येते. ते तिलाही ठाऊक होते. तरी मी उभा राहून खालच्या बाजूला दूरवर पाहिले, आणि तिनेही पाहिले.

"कुणी नाही," मी म्हणालो. "काढ."

तिने उकरले. पाणी आले, गढूळ. ते तिने तांब्याने उपसून टाकले. पाणी गार होते. मग आम्ही दोघे झिऱ्याशी मांडी घालून बसलो. मला या वयात मांडी सहज घालता येते, याचे मला पहिल्यांदाच नवल वाटले. गाडीतून कुणीतरी हाक मारली. मुलीने हात हलवून थांबायला सांगितले, आणि पाण्याकडे तोंड करून, हळू आवाजात, ती मला तिच्या आईविषयी काहीतरी सांगायला लागली.